बाईसाहेबांची हनुवटी

प्रिय बबडे,

तिकीट कधीचं काढू, हे तू मला तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी बाईसाहेबांच्या हनुवटीचं काहीतरी सांगून विषय बदलला. तुला वाटलं असेल, आईला नातवापेक्षा मांजर प्यारी झाली. एक तारखेला तुझी रजा संपतेय आणि त्या दिवसापासून बाळ दिवसभर माझ्याकडे, हे आपलं ठरलंय. मी विसरलेले नाही. तारखेचं शेवटी लिहिते, पण त्याआधी तुला हनुवटीचं सगळं नीट कळायला हवं. फोनवर मी परत काहीतरी बोलून सुटेन, शिवाय हल्ली फोन आला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. म्हणून हा कागद.

तू बाईसाहेबांना इथे ठेवून गेलीस तेव्हा त्यांची हनुवटी दुधासारखी होती. चारेक महिन्यांपूर्वी तिथे मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसायला लागले. आधी वाटलं, कुंडीत तोंड खुपसलं असेल. पुसले तर जाईनात. मग पिसवा असतील म्हणून बारीक फणी फिरवली, तर त्याबद्दल मला एक ओरखडा मिळाला. शेवटी बाईसाहेबांना पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. जनावरांची डॉक्टरीण तुझ्याच वयाची आहे. म्हणाली, काळजी करू नका मावशी, मुरुम आहेत, मांजरांना हनुवटीवर होतात. सात वर्षांच्या बाईला आता कुठे तारुण्यपीटिका, असं म्हणून बाबा आणि मी वाटभर हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर या घरात तसं कोणी हसलेलं नाही.

तिने सांगितलं ते साधंच होतं. प्लॅस्टिकच्या भांड्यावर चरे पडतात, त्यात जंतू राहतात, म्हणून ती निळी वाटी टाकून द्या. स्टीलची नाहीतर चिनी मातीची उथळ बशी घ्या आणि रोज गरम पाण्याने धुवा. खाणं झालं की हनुवटी पुसा. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस पाच मिनिटं धरा, मग औषध पाण्यात पातळ करून लावा, दिवसातून एकदाच. ठिपके नखाने फोडायचे नाहीत आणि माणसांची मलमं अजिबात लावायची नाहीत, मांजर ती चाटते. मी एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, मला हे दोनदा सांगावं लागत नाही. घरी येऊन फ्रिजच्या दारावर तक्ता लावला. तारीख, वेळ, काय केलं, सही. बाबा म्हणाले, आता तिला पांढरी चादर आणि घंटी पण दे. महिन्याभरात हनुवटी स्वच्छ झाली.

मग एका सकाळी टेबलाखाली ती निळी वाटी दिसली. मी स्वतः टाकलेली, धुऊन पुसून, दूध भरून ठेवलेली. बाबांना विचारलं तर त्यांनी ती नुसती उचलून नेली. पुढच्या आठवड्यात वाटी परत तिथेच. मी तणतणले, केराच्या डब्यात तळाशी कोंबली, तरी दोन दिवसांनी परत आली. ठिपके पुन्हा उठले आणि या वेळी हनुवटी लाल होऊन सुजली. बाईसाहेब मला बघितलं की पलंगाखाली शिरायला लागल्या. बाबांच्या मांडीवर मात्र खुशाल झोपायच्या. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा कप विसळला नाही, तो मी स्वयंपाकघरात गेले की मागोमाग यायला लागला. गॅसपाशी उभा राहायचा. दाराच्या किल्ल्या खुंटीवरून गेल्या, त्या त्यांच्या खिशात सापडल्या. खोटं कशाला लिहू, मला तुझ्या बाबांची भीती वाटायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारानंतर मी त्यांच्या हातचा चहा बेसिनमध्ये ओतला.

गेल्या मंगळवारी हनुवटीतून पू आला. डॉक्टरिणीने उजेडात धरून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, मावशी, हे नुसते मुरुम नाहीत, कातडी भाजलीय, औषध दिवसातून किती वेळा लावता, पातळ करता ना? मला राग आला. म्हटलं, माझ्याकडे तक्ता आहे, आणून दाखवते. ताडताड घरी आले, फ्रिजवरून कागद ओढला आणि तिथेच उभी राहिले. मंगळवार, सात दहा, औषध लावलं. मंगळवार, आठ, औषध लावलं. मंगळवार, नऊ पंचवीस, औषध लावलं. तिन्ही ठिकाणी माझं अक्षर, माझी सही. मला फक्त सात दहाचं आठवत होतं. मागचे दिवस बघत गेले तर तसंच. आणि प्रत्येक जादा नोंदीशेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. ते ठिपके तीन महिन्यांपासूनचे होते.

बाबा दारात उभे होते. चष्मा पुसत म्हणाले, वाटी तूच काढतेस गं. चांगली वाटी कोणी टाकली म्हणून मलाच ओरडतेस आणि धुऊन ठेवतेस. वाटलं होतं, जाईल हे. मग रडले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं.

लहान मुलांच्या वॉर्डात माझ्या हाताखाली एक सिस्टर होती. तिने एका बाळाला एकच औषध दोनदा दिलं, आणि दोन्ही वेळा इमानदारीने लिहिलं. बाळ वाचलं. ती माझे पाय धरत होती, आणि मी तिच्याकडे न बघता रिपोर्ट लिहून तिला त्याच दिवशी वॉर्डातून काढलं. आज तिचं तोंड मला अगदी स्पष्ट दिसतं. मंगळवारचे आठ मात्र काही केल्या दिसत नाहीत.

बाईसाहेब आता बाबांच्या ताब्यात आहेत. कापूस तेच धरतात, तक्त्यावर सही त्यांचीच. पू थांबलाय. माझी तपासणी सोमवारी आहे.

बबडे, बाळाच्या तोंडात रोज एकच थेंब घालायचं औषध आहे म्हणालीस ना? म्हणून हा रिपोर्ट. तिकीट काढू नकोस. बाळासाठी दुसरी बाई बघ, आजच बघायला लाग. मी बाबांबरोबर चार दिवस पाहुणी म्हणून येईन, तेव्हा बाळाला माझ्या मांडीवर दे, पण तू समोर बस. मला त्याला न्हाऊमाखू घालायचं होतं गं, फार घालायचं होतं. आणि एक लक्षात ठेव. थोड्या दिवसांनी मी फोन करेन, नाहीतर पत्र लिहीन, की तिकीट का काढलं नाहीस, तुझा आईवर विश्वास नाही का. रागावेन, रडेनही, आणि माझं बोलणं तुला अगदी शहाणपणाचं वाटेल. तेव्हा माझं ऐकू नकोस. आत्ताचं ऐक. धोक्याच्या औषधाला वॉर्डात दोन सह्या लागायच्या, म्हणून इथेही दोन आहेत.

तुझीच,
आई
(शुक्रवार, सकाळी दहा वीस)

वाचलं. बरोबर आहे.
बाबा