कंटेनरला कुलूप

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
देवेशला आज घरी पाठवलं. माझ्यामुळे.
आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलुंडच्या लॅबमधून फोन – एका बाईंच्या थायरॉईडच्या रिपोर्टवर जुनी नॉर्मल मर्यादा छापली गेली. चांगल्या धडधाकट बाई आजारी ठरल्या. आमच्या मार्तंड सरांनी विचारलं, चालू कंटेनरमध्ये, म्हणजे रिपोर्टच्या चालू प्रोग्रॅममध्ये, हात कोण घालतं? मी लॉग, म्हणजे कोण कधी आत गेलं त्याची नोंद, काढून दिला. महिन्यात अकरा वेळा, देवेश. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॅग उचलून निघाला. बोलायचं ना!

मंगळवार, ४ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. आईला सांगत बसले – कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमचा डबा. एकदा झाकण लावलं की आत काही घालायचं नाही. घातलं तरी रीस्टार्ट झाला की पुन्हा मूळचाच डबा. देवेश नेमका झाकण लावलेल्या डब्यात हात घालायचा. आता आतलं फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही, असं करून टाकते.
"आणि मीठ कमी पडलं तर?"
"नवा डबा भरायचा."
"देवेश परवापर्यंत तुझा मित्र होता ना गं?"
चिडून उठले.

बुधवार, ५ फेब्रुवारी
आधी चाचणीच्या कंटेनरवर हे कुलूप लावलं. लगेच वाट लागली. प्रोग्रॅमला तात्पुरत्या फायली ठेवायला जागाच नाही! मेमरीत थोडी मोकळी जागा दिली, रीस्टार्टला आपोआप रिकामी होणारी. हर्षद बाजूच्या टेबलावरून म्हणाला, "देवेश असता तर पाच मिनिटांत झालं असतं." मी हेडफोन चढवले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
कंटेनर सुरू होतानाच बंद पडतोय. देवेश नाही, आत कुणीच नाही, तरी नॉर्मल मर्यादांच्या तक्त्यावर काहीतरी लिहायला जातंय. एररमध्ये नाव आलं – सुरुवातीला आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट, चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम. उघडली. दर रीस्टार्टला ती नव्या तक्त्यावर जुना तक्ता टाकते. लिहिणारी – रुचिरा. दोन वर्षांपूर्वी, घाईत, "तात्पुरतं" म्हणून. मीच!
लॉग पुन्हा पाहिला. अकराही वेळा देवेश रीस्टार्टनंतरच आत गेलाय, नवा तक्ता परत ठेवायला. सोमवारी त्याला यायला उशीर झाला, एवढंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला तीन फोन केले. उचलला नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी देवेशची मंगळवारची मेल दाखवली. राजीनामा. कारण – "ती स्क्रिप्ट माझी होती." सर म्हणाले, "त्याने अंगावर घेतलंय ना? मग तू कशाला उकरतेस?" मी म्हटलं, नाही सर, मुलुंडच्या चुकीपुढे माझं नाव लिहा.