कोर्लईसमोरची हाक

थळ, १२ नोव्हेंबर १९५५
पोहोचलो! मुंबईत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला. निवृत्त होऊन जुनी शिडाची होडी घेतली तेव्हा सगळे हसले. आता दिघीपर्यंत बेटं बघत, चित्रं काढत जायचं. पहिल्याच मुक्कामी खडकाला लागून सुकाणू निखळलं, पण त्यामुळेच अंबाजी भेटला. इथलाच कोळी, चाळिशीचा. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याने होडी ओढून घेतली आणि न विचारता कामाला लागला. त्याच्या बायकोने, आवडाबाईंनी, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. मी एकटा माणूस. असा आग्रह मला कुणी कधी केला नव्हता.

१५ नोव्हेंबर
सुकाणू बसलं. तळाच्या फटींत कापूस ठासून वर राळ लावली. माझे काळे हात बघून आवडाबाईंना हसू आवरेना. अंबाजी दिघीपर्यंत सोबत येणार आहे. त्याचा धाकटा भाऊ हरेश्वर गेल्या वर्षी कोर्लईसमोर वादळात बुडाला. सापडला नाही. तिथे त्याच्या नावाने नारळ सोडायचा आहे.

१८ नोव्हेंबर, मुरुड
जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर झकास आलो. जंजिऱ्याचं चित्रही बरं जमलं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. कोर्लईसमोर अंबाजीने नारळ सोडला, तो तरंगलाच नाही. कुणी खाली ओढावा तसा गेला. नंतर अंबाजी दिवसभर वळून वळून मागच्या पाण्याकडे बघत होता. जेवताना म्हणाला, हरी हाक मारत होता, तुम्ही ऐकलं नाही का? मी ऐकलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, रेवदंडा
दिघीला गेलोच नाही. अंबाजी परत फिरू या म्हणाला.
आज मीही ऐकलं. भर दुपारी, कोर्लईसमोर. वारा पडलेला, पाणी तेलासारखं. जवळून, अगदी होडीला लागून, तरुण आवाज: “दादा, हात दे.” पाण्यावर कुणी नव्हतं. अंबाजी वाकला, हात पाण्यात घातला आणि हसला. “लागला हात,” म्हणाला. मी त्याचा सदरा धरला होता. फाटका तुकडा माझ्या मुठीत राहिला. पाणी उडालं नाही, आवाज झाला नाही. अंधार पडेतो शोधलं—

२३ नोव्हेंबर, थळ
आवडाबाईंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. घाबरला होता का, एवढंच विचारलं. हसत होता म्हणालो. तेव्हा मात्र तिथेच, वाळूवर बसल्या.

२५ नोव्हेंबर
कोळ्यांच्या होड्या कोर्लईपर्यंत जाऊन आल्या. काही नाही.
आज सकाळी होडीत पडलो होतो, तर फळ्यांपलीकडून, पाण्यातून: “मास्तर, हात द्या.” अंबाजीचाच आवाज. मी कान झाकून घेतले. माझा मित्र, आणि मी कान झाकले.

२६ नोव्हेंबर
किनाऱ्यावरून आवडाबाईंनीही ऐकलं. आज गळ्याएवढ्या पाण्यात गेल्या. मी पोहत जाऊन धरलं, मागे ओढलं. त्या मला मारत होत्या. “सोडा मास्तर! थंडीनं काकडलाय तो. एकटा हाय.”
तो अंबाजी नाही, म्हणालो. माझाच विश्वास बसेना.

२७ नोव्हेंबर
ते कोर्लईहून इथवर होडीमागे आलं. मीच आणलं. होडी नेली तर तेही जाईल, आवडाबाई वाचतील. शेजारणी त्यांना धरून बसल्या आहेत. निघताना नमस्कार केला. त्यांनी बघितलं नाही.

२८ नोव्हेंबर
खांदेरीचं बेट मागे पडलं. आवाज सोबत आहे. दोघांचा. चांगलं झालं — येऊ देत माझ्यामागे — थळपासून दूर —

२९
जमीन दिसत नाही. राळ सुटली. पाणी उपसतो आहे. सकाळपासून दोघे गप्प. सुटल्या आवडाबाई. देवा—

दुपार
नाही. नाही. मी निघालो तेव्हा आवडाबाई किनाऱ्यावर होत्या — शेजारणींनी धरलं होतं — कुणीतरी धरून ठेवायचं होतं —
होडीला लागूनच आहेत. रागावलेल्या नाहीत. म्हणतात, “लई गार हाय वो, मास्तर.”
दात वाजताना ऐकू येतात.
माझी घोंगडी अजून कोरडी आहे. तेवढी फक्त त्यांच्या हातात