ट्रंकेचं झाकण

तीर्थरूप दादाला धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घालायचा रिवाज मला ठाऊक आहे, पण पुढचं सगळं वाचून झाल्यावर कोणी कोणाला साष्टांग घालायचा ते तूच ठरव.)

तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचं पित्त बरं आहे ना? इकडे आम्ही सुखरूप आहोत. एरवी हा शब्द मी सवयीने लिहितो, या वेळी तो दोनदा वाच, कारण मागच्या महिन्यात तो लिहायची सोय नव्हती. झोप परत आली आहे. भूक गेलीच नव्हती असं आमची ही म्हणते, पण मी फार कमी जेवत होतो, फक्त वारंवार जेवत होतो. शिवाय हे पत्र मी मुद्दाम कागदावर लिहितो आहे. कागदाचं बरं असतं. तो पाकिटात घातला की एकाच ठिकाणी जातो, वाटेत त्याच्या प्रती निघत नाहीत आणि परक्या देशातला कोणी इसम तो उघडून आपलं अक्षर बघत बसत नाही. इतकी साधी गोष्ट कळायला मला ऐन पन्नाशीत आकाशपाताळ एक करावं लागलं, आणि त्याला कारण तू आहेस.

रागावू नकोस. (रागावलास तरी चालेल.) मागच्या खेपेला आलास तेव्हा मी तुला त्या तेरा भागांच्या खुनाच्या मालिकेबद्दल बोललो होतो. ती बघायची तर दर महिन्याला पैसे भरावे लागतात, म्हणून मी मन मारून बसलो होतो. तू हसलास. म्हणालास, ‘वेड्या, जग एकमेकांना देतंय, आपण फक्त ओंजळ पुढे करायची.’ आणि खिशातून तो पेनड्राइव्ह काढून दोन मिनिटांत तो प्रोग्रॅम माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिलास. मला समजावलंस की हा प्रोग्रॅम मालिका एका जागेवरून आणत नाही, जगभरच्या लोकांच्या कॉम्प्युटरमधून तुकडा तुकडा गोळा करतो. किती छान, असं मला वाटलं. जगभरचे अनोळखी लोक आपल्या करमणुकीसाठी राबताहेत! मात्र तो आपल्याकडचंही त्यांना तुकडा तुकडा वाटत असतो, हा उत्तरार्ध तू सांगितला नाहीस. तेवढ्यात चहा आला, आणि चहा आल्यावर तू कुठलीच गोष्ट पुरी करत नाहीस हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तू गेलास आणि पहिला भाग उतरायला लागला. दादा, त्या वेगाने खून करायचा म्हटलं तर मरणारा आधी म्हातारपणानेच गेला असता. मग प्रोग्रॅमनेच मला विचारलं, की इतरांना द्यायला कुठला फोल्डर खुला करायचा, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की जितकं जास्त द्याल तितकं लवकर मिळेल. आता लोकांच्या बारीक अक्षरांवर माझं दुकान चालतं. ज्यांना ती दिसत नाहीत त्यांना मी चष्मे विकतो. मला ती दिसली, समजली, पटलीसुद्धा. मी उदार मनाने ‘ट्रंक’ देऊन टाकली.

ट्रंक म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. आईची ती काळी ट्रंक आठवते ना? तिच्यात आपल्या शाळेचे दाखले, गरम कपडे, कात्री, बाबांची औषधं आणि साखरेचा डबा असं सगळं एकत्र असायचं, आणि काही हरवलं की आई म्हणायची, ‘ट्रंकेत बघ.’ नव्वद टक्के वेळा सापडायचंही. (साखर कधीच सापडायची नाही. त्याला कारणही तूच.) त्याच धर्तीवर मी आमच्या कॉम्प्युटरवर एकच फोल्डर केला, त्याचं नाव ‘ट्रंक’ ठेवलं आणि घरात फर्मान काढलं की जे काही असेल ते यातच राहील. ही तेव्हा कुरकुरली होती. पण मी घराण्याची परंपरा वगैरे बोललो आणि ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला पटवून दिल्यासारखं वाटतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही सवय जात नाही.

तर त्या ट्रंकेत माझ्या दातांचा एक्स-रे होता, दुकानाची बिलं होती, सहलीचे फोटो होते (टॉवेल गुंडाळून नदीच्या काठी उभा असलेला तुझा फोटोही त्यातच, तो विषय नंतर). आणि तिथेच हिचे विणकामाचे नमुने होते. कुठल्या ओळीत किती सुलट टाके, किती उलट, कुठे वेणी वळवायची, हे सगळं ही टाइप करून ठेवते. इतकी वर्षं आपण सगळे त्याला ‘हिचा वेळ जातो’ असं म्हणत आलो. तर या वर्षी एका मोठ्या लोकर कंपनीने हिचा नवा स्वेटर त्यांच्या थंडीच्या विणकामाच्या पुस्तकासाठी निवडला. खाली हिचं नाव येणार, हिच्या स्वतःच्या नावाने, माझ्या आडनावाच्या कुबड्या न लावता. पत्र आलं त्या दिवशी ती ते घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवून दिवसभर घरात हिंडत होती. अट एकच होती, की हा नमुना त्याआधी जगात कुठेही दिसता कामा नये. दिसला तर करार रद्द.

आणि मी ट्रंकेचं झाकण उघडं टाकून खुनी शोधत बसलो होतो.

मला हे कळलं कसं, तेही ऐक. दुकानात एक बाई वाचायचा चष्मा करायला आल्या होत्या. मी लेन्स घासून फ्रेममध्ये बसवत होतो तोवर त्या खुर्चीवर बसून पिशवीतून विणकाम काढून विणायला लागल्या. मी सहज बघितलं. पुढच्या बाजूला ती वेणी होती, खांद्याजवळ दोन्ही पदर मागे वळून पाठीवर एकत्र येतात ती. ती वेणी ही सहा महिने जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर विणत-उसवत होती. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला तो अजून सापडलेला नाही. मी विचारलं, नमुना छान आहे, कुठला? बाई खुशीत म्हणाल्या, ‘अहो, फुकट मिळाला, मुलाने कुठूनसा उतरवून दिला! पण पोटाकडचा भाग वाढतच चाललाय बघा, संपतच नाही.’ पोटाकडच्या भागाकडे लक्ष द्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी त्यांना चष्म्याबरोबर चुकून कोणा दुसऱ्याची डबी दिली आणि दुकान बंद केलं.

कॉम्प्युटर काखेत मारून थेट दुरुस्तीवाल्याकडे गेलो. (याला गल्लीत सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण बरा झालेला पेशंट कोणी पाहिला नसला तरी तपासणी मात्र तो फार गंभीरपणे करतो.) त्याने आधी पडद्यावरच्या जाहिराती बघितल्या. तुला सांगायचं राहिलं, तेरावा भाग उतरला तेव्हा तो मुळी तेरावा भाग नव्हताच. नाव तेच, चित्र तेच, पण उघडला तर खुन्याच्या जागी टकलावर केस उगवायचं तेल आलं, आणि त्या दिवसापासून मी बिल करायला गेलो तरी आधी तेल यायचं. डॉक्टर म्हणाला, हे तेलावर निभावलं असं समजा. याच वाटेने येऊन लोकांच्या सगळ्या फायलींना कुलूप लावणारे, बँकेचे पासवर्ड उचलून नेणारे नग असतात, शिवाय कायद्याची नोटीस येते ती वेगळीच. मग त्याने तो प्रोग्रॅम उघडला आणि एखाद्याच्या छातीचा एक्स-रे बघावा तसा खूप वेळ बघत राहिला. ट्रंकेतून काय काय गेलं त्याचा तिथे हिशेबच होता. माझे दात गेले होते. तू टॉवेलमध्ये बऱ्याच ठिकाणी गेला होतास. आणि सगळ्यांत जास्त गेला होता तो स्वेटर. हे परत कसं आणायचं, असं मी विचारलं. डॉक्टरने फक्त मान हलवली. म्हणाला, ‘काका, गेलं ते आता लोकांचं झालं.’

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. हिला सांगायचं धाडस होईना. म्हणून मी भांडी घासायला लागलो. कपडे वाळत घातले, वाळलेले परत वाळत घातले, हिच्या लोकरीचे गुंडे रंगांप्रमाणे लावून ठेवले. ही सुया चालवत राहिली आणि अधूनमधून माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिली. ती तशी बघायची आणि मी आणखी एक भांडं घासायला घ्यायचो. बायको नवऱ्याला काय काय माफ करते, पण आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव छापून येणार होतं आणि ते याने एका खुनाच्या मालिकेपायी घालवलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दादा, खरं सांगतो, मला रडू येत होतं. करार जाईल म्हणून नव्हे. ते घडी घातलेलं पत्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शेवटी सांगितलं. ही विणत होती. मी बोलायला तोंड उघडलं तर हिने हात वर केला, ओळ पुरी केली, सुई बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘हं.’ मी सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. (तुझं नाव पहिल्यांदा घेतलं, हे कबूल.) हिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की कंपनीला कळवायला हवं, लपवून चालणार नाही. तिने स्वतःच ईमेल लिहिला. उत्तर यायला आठवडा गेला. तो आठवडा मी फक्त भांडी घासली.

आणि उत्तर आलं! कंपनीने म्हटलं होतं की आम्ही इंटरनेटवर फिरणारा तो नमुना तपासला, स्वतः विणूनही बघितला, आणि त्याचा तुमच्या स्वेटरशी संबंध नाही. वेणी सारखी वाटते, पण अशा वेण्या पुष्कळ जणी वळतात. तो कपडा मुळात ‘असाधारण बांध्यासाठी’ दिसतो. करार कायम.

असाधारण बांधा म्हणजे कोणाचा, तर माझा. दादा, ही कुठलाही नवा स्वेटर आधी माझ्या अंगावर बेतून बघते, मग जगाच्या मापाने खरा नमुना लिहिते. तुला माझा देह ठाऊक आहे. उजवा खांदा उतरलेला, हात आखूड आणि पोट घराण्याचं. ट्रंकेत होता तो माझ्या मापाचा कच्चा नमुना. खरा मग कुठे होता, असं मी हिला विचारलं तर म्हणाली, ‘होता कुठेतरी.’ नशीब म्हणतात ते हेच. म्हणजे जगभरच्या फुकट्यांनी सुया घेऊन रात्रंदिवस मला विणलं. आम्ही त्यांनी टाकलेले फोटो बघितले. एका उंच, शेलाट्या माणसाच्या पोटाशी स्वेटरची पिशवी लोंबत होती. एका बाईने वैतागून तो कुत्र्याला घातला होता, आणि सांगायला वाईट वाटतं, कुत्र्याला तो बरा बसला होता. पण एका मुलीने लिहिलं होतं, की माझ्या बाबांचा एक खांदा पडलेला आहे, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नीट बसणारा स्वेटर मिळाला, ज्याने हा बेतला त्याचे आभार. ते हिने दोनदा वाचलं. मग माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. माझा जीव भांड्यात पडला तो त्या क्षणी, कंपनीच्या उत्तराने नव्हे.

असो. प्रोग्रॅम काढून टाकला आहे, डॉक्टरने तेलही घालवलं, ट्रंकेला कुलूप आहे. यापुढे जे बघायचं ते पैसे मोजून, नाहीतर बघायचंच नाही. तूही तो पेनड्राइव्ह मोडून टाक. वहिनींना नमस्कार, आणि टॉवेलच्या फोटोबद्दल त्यांना काही बोलू नकोस.

तुझा,
धाकटा

ता.क. बाराव्या भागाच्या शेवटी बागेतल्या विहिरीपाशी हातमोजा सापडतो. तेरावा भाग तू पाहिला आहेस. फाईल अजिबात पाठवू नकोस, मी सुधारलो आहे. फक्त दोन ओळींत लिही की खून कोणी केला. खरं सांगायचं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बाकीचं ओघात आलं.

ता.क. दुसरा. पाकीट हीच पोस्टात टाकणार आहे. वाचणार नाही असं कबूल केलं आहे.

भाऊजींना नमस्कार. हे माझ्या हातचं. तुम्ही तो प्रोग्रॅम घालून गेलात त्याच दिवशी कॉम्प्युटर दमेकऱ्यासारखा चालायला लागला, म्हणून मी सगळं वाचून काढलं, बारीक अक्षरंसुद्धा. खरा नमुना त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन लोकरीच्या टोपलीत खाली ठेवला. यांच्या मापाचा मुद्दाम राहू दिला. दार उघडंच राहणार असेल, तर दारात काय ठेवायचं एवढं तरी आपण ठरवावं. कंपनी काय उत्तर देणार ते मला ठाऊक होतं. यांना आधी सांगणार होते, पण भांडी फार स्वच्छ निघत होती.

तुमच्यासाठी एक स्वेटर विणते आहे. माप मागवलं नाही, घराणं एकच आहे. तेरावा भाग मी रीतसर पैसे भरून पाहिला. खून कोणी केला ते यांना कळवू नका. हिवाळा संपेपर्यंत तरी भांड्यांची सोय राहू द्या.