तटावर लोखंड उधळण्याआधी

मी, हाओ लानयिंग, वय चोवीस, राहणार हबेई प्रांतातलं श्याकोउ गाव (सध्या, एरवी जिथे पाठ टेकेल तिथे), पूर्ण शुद्धीत, कोणीही गळ घातलेली नसताना हे लिहून ठेवते. आज नव्या वर्षाची पहिली पौर्णिमा. आमच्या घराण्यात आजच्या दिवशी जो गावाच्या तटावर वितळलेलं लोखंड उधळतो, तो आधी मृत्युपत्र करतो, आणि आधीचा उधळणारा त्यावर साक्षीची सही करतो. सही नाही तर लोखंड उधळायची पळी हाती नाही. आधीचे उधळणारे म्हणजे माझे काका, हाओ तंगख्वे. यंदा त्यांचा खांदा वर जात नाही. मला सही मिळाली नाही तर तट अंधारात राहील.

कलम १. मेंढीच्या कातड्याचा कोट उत्तरेच्या कुरणावरची धनगरीण चुलिगुर हिला परत द्यावा. तिच्या मेंढ्या मी एक हिवाळा राखल्या. (गेले होते खरं तर घोडा बघायला, पण ते असो.) लोकर बाहेर करून घालते, म्हणजे ठिणग्या झटकल्या जातात. तरी भोकं पडलीच, तर तिने पोटात घालावं.

कलम २. चुलतभाऊ जुनफंग यास त्याचीच जळकी गवती टोपी. पळी वाळुंजाच्या लाकडाची. आतून भिजलेली हवी, वरून कोरडी. गेल्या वर्षी काकांच्या हाताखाली शिकताना दादाने ती निथळतीच लोखंडाच्या रसात बुडवली. लोखंड उडालं, टोपी पेटली, आणि दादा पळाला तो थेट शहरात. तिथे मोबाइल विकतो आणि मला भटकभवानी म्हणतो.

कलम ३. मी गोळा केलेल्या फुटक्या कढया आणि नांगराचे फाळ गावाचे. आमचे पूर्वज श्रीमंतांचे फटाके बघत हात चोळत बसले नाहीत. भंगार वितळवून तटावर मारलं आणि उजेडाची झाडं फुलवली. हा मान कोणी विकू नये.

कलम ४. काका-काकूंना काहीही नाही. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही म्हणतात, आणि मला सह्या हव्यात.

इथवर वाचून काका म्हणाले, "दोन महिने एका गावात टिकत नाहीस. तटासमोर टिकशील?"

"पळी मीच भिजवली, मीच पुसली. हात लावून बघा."

त्यांनी बोट फिरवलं. कोरडं निघालं. तरी पेन खिशातच.

"अहो, पेन उघडा," काकू म्हणाली. "की एका हाताने उधळणार आहात?"

साक्षीदार:
१. य्वे ग्वेइफन (काकू). कोट मला चालला असता.
२. हाओ तंगख्वे. आजपासून लानयिंगच्या भट्टीवरचा मदतनीस.

लिहून देणार: हाओ लानयिंग
स्थळ: श्याकोउ, तटाखाली. पहिल्या महिन्याची पौर्णिमा.

ता. क. उधळून आले. तट वरच्या कडेपर्यंत फुलला. मदतनीस भट्टीजवळून ओरडत होते, "अजून उंच मार, पोरी!" वाटप तहकूब.