गथमधलं स्वयंपाकघर

पप्पा, आज शुगर लँडच्या लायब्ररीत नुसता एसीसाठी शिरलो आणि टेबलावर एक जाडजूड पुस्तक पडलेलं दिसलं, बायबलमधल्या पलिष्ट्यांच्या गथ शहराच्या उत्खननाचं. निम्मं डोक्यावरून गेलं, कॉलेज कुठं पुरं केलं मी. पण चित्रं होती. फुटकी मडकी, आणि बारीक दगडगोटे बसवून केलेली एक चूल. ती बघितली आणि हात फोनकडे गेला. दहा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी जातोच.

माझ्या लहानपणीचा, शॉमबर्गच्या चर्चचा तो मागून घेतलेला हॉल. गोऱ्यांची उपासना सुटलीय, त्यांच्या कॉफीचा वास अजून रेंगाळतोय, आता आपल्या मराठी मंडळीचा नंबर. पोरांच्या बायबलच्या वर्गासाठी तुम्ही डिकीतून प्लायवूड काढता, त्यावर मैदा-मिठाची पाच पलिष्टी शहरं. पोरं विचारतायत, "अंकल, गथचा तो राक्षसासारखा गल्याथ किती फूट होता?" मला भलतंच पडलेलं. "पप्पा, एवढ्या माणसाला जेवायला कोण घालायचं? गथमध्ये स्वयंपाकघर करा ना."

"शत्रूचं गाव आहे ते. भातुकली मांडतोस का? जा, बाहेर उभा राहा."

बाहेरून हायवे दिसायचा. बहुतेक तिथूनच माझं बिनसलं. पुढं अल्फारेटाच्या गोदामात खोकी उचलली, मग एकाबरोबर छपरं शाकारली, त्याचा कुत्रा फार गुणी होता, म्हणजे... जाऊ दे.

तुमचा तो शेवटचा फोन. "रविवारी येतोस? इत्तय शिकवायचाय."

"कोण?"

"अरे, गथचाच माणूस. परका, कालपरवा आलेला. दावीद राजा सगळं सोडून पळत होता, त्याला म्हणाला, तू जा बाबा परत. तो गेला नाही, बरोबर राहिला." मग म्हणालात, "तूच घे वर्ग. मला दम लागतो हल्ली."

तुमचा वर्ग तुम्ही कुणाला कधी दिला नव्हता. मी येतो म्हणालो. त्यानंतर दोनच आठवडे होतात तुम्ही. आता या गावात कुणी मराठीत नुसतं "अरे" म्हटलं तरी मी वळून बघतो.

हे पत्र कुठं टाकणार? मम्मीला मी सांगितलं की त्या रविवारी येताना इंडियानात गाडी बंद पडली. गाडी धडधाकट होती, पप्पा. मी हॉलच्या दारापर्यंत आलो होतो. आत तुम्ही पोरांना सांगत होता, "थांबा, माझा मुलगा येतोय." मी तो धडा वाचलाच नव्हता, म्हणून परत फिरलो.