एका देशाच्या दोघीच

सोमवार, ३ तारीख

जिंकलेलं परत काढून घेतात म्हणजे काय! वर्षभर घाम गाळून पोरीनं गुण मिळवले आणि आता म्हणे वर्ष झालं, गळणार. दात आहेत का ते गळायला? कोचना आज तोंडावर विचारलं. म्हणाले, "ताई, नियम सगळ्यांना सारखाच." सारखा कसा? घोटा मुरगळून दोन महिने घरात बसली होती, ते कुणी धरलं?

लिहून ठेवते, म्हणजे डोकं थंड होईल. बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धेला एका देशाच्या दोघीच जातात. पोरीच्या मैत्रिणीची, त्या उंच काटकुळ्या काठीची, जागा पक्की – ती सगळ्यांच्या कितीतरी पुढे. उरली एक. त्या एकीसाठी आमची पोरगी आणि ती डावरी. डावरी थोडीशी पुढे. आता शेवटची स्पर्धा, तीही इथल्याच हॉलमध्ये. मागल्या वर्षी पोरगी हिच्यात सेमीला गेली होती, तेच गुण आता गळणार. म्हणजे परत सेमी गाठली तर आहे तिथंच. फायनल गाठली तरच डावरीच्या पुढे. पुढच्या मंगळवारी गुणांची यादी लागली की हिशेब बंद.

चौथीत शाळा सुटली माझी. पण हे गणित झोपेतून उठवून विचारा!

बुधवार, ५

पहिली मॅच जिंकली. मी धुलाईखान्यात. हॉस्पिटलच्या चादरी कुणाच्या मॅचसाठी थांबत नाहीत. मुकादम बाई म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं? खोळींच्या घड्या उलट्या केल्यास." असू दे. पेशंट काय खोळ बघायला येतो?

घरी आले तर हे म्हणतात – "खेळतेय कोण, ती का तू?" मी ताट तसंच सरकवलं आणि यांना विनोद सुचतात.

गुरुवार, ६

डावरी दुसऱ्याच फेरीत हरली! आता तिचे गुण वाढत नाहीत. मी टाळी वाजवली. चांगली जोरात. शेजारी बघते तर तिचा बाप. बस चालवतो तो, अंगावर अजून गणवेश होता. नुसतं बघितलं, आणि सरकून मला बसायला जागा दिली.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण बसले. पोरीची मॅच होती पुढे. तीही जिंकली.

शुक्रवार, ७

आजही जिंकली. उद्या सेमी. समोर कोण? काठी! आजवर सहा वेळा खेळल्या, सहाही वेळा पोरगी हरली.

पुढचं लिहू का नको? लिहिते. पोटात ठेवलं तर कुजेल.

संध्याकाळी काठीच्या खोलीवर गेले, खेळाडूंच्या वसतिगृहात. खाटेवर बसून रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. "मावशी! या ना, बसा." नऊ वर्षांची होती तेव्हापासून मावशी म्हणते. तिची आई हॉस्पिटलात पडून होती तेव्हा चार महिने आमच्याकडेच होती. ती आणि पोरगी एका पांघरुणात झोपायच्या आणि भिंतीकडची बाजू कुणाची म्हणून भांडायच्या.

बसले नाही. उभ्याउभ्याच बोलले. "तुझं तर झालंय गं. उद्या हरलीस तर तुझं काय बिघडतंय? तिचं सगळंच जातंय."

ती पट्टी गुंडाळत राहिली.

मग मी ते बोलले. "चार महिने कुणाच्या घरी जेवलीस, आठवतं ना?"

हात थांबला तिचा. "तिला माहितीये, तुम्ही आलात ते?"

"नाही. आणि कळायचंही नाही."

पट्टी बाजूला ठेवून म्हणाली, "चहा घेणार, मावशी?" मी नको म्हटलं आणि निघाले. पोटच्या पोरीसारखी सांभाळली म्हणून सगळ्यांना सांगते मी. आणि आज खाऊ घातलेलं तिच्या तोंडावर फेकून आले. कुत्र्यालासुद्धा कुणी असं बोलून दाखवत नाही.

शनिवार, ८

जिंकली.

पहिला गेम काठीचा, दुसरा पोरीचा. तिसऱ्यात वीस-एकोणीस, पोरगी पुढे. तिनं शटल उंच मागं मारलं. काठी बरोबर खाली पोचली होती, रॅकेट वर गेलेली – आणि सोडलं. रेषेवर पडलं. सगळा हॉल उभा राहिला. कोच नाचायला लागले. मागचा कुणीतरी म्हणाला, "अंदाज चुकला बिचारीचा."

काठीचा अंदाज! एवढीशी होती तेव्हापासून बघतेय. रेषेच्या आतलं-बाहेरचं तिला डोळे मिटून कळतं.

माझे हात वर येईनात टाळीला. पोरगीसुद्धा हसली नाही. जाळीपाशी हात मिळवले दोघींनी, पण एकमेकींकडे बघितलं नाही. दमली असेल.

रविवार, ९

फायनल हरली. त्यानं आता काही बदलत नाही. मी गेलेच नाही बघायला. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खोटं.

मंगळवार, ११

यादी लागली. पोरगी डावरीच्या पुढे, अडीचशे गुणांनी. हे फोनवर फोन लावतायत. पोरगी म्हणाली, "बाबा, पुरे." आणि आत जाऊन झोपली. भरदुपारी!

डावरीचा बाप हॉलच्या दाराशी दिसला. वाट बदलणार होते, त्यानंच हाक मारली. "ताई, अभिनंदन हं. आमची दोन दिवस जेवली नाही. पण मीच तिला म्हटलं, काठीला हरवून गेलीय ती. मानायलाच पाहिजे."

मानायलाच पाहिजे!

मी "हो" म्हणाले. एवढंच. इतर वेळी ही जीभ कात्रीसारखी चालते. आज झडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, १२

प्रेसखाली चार चादरी करपवल्या. मुकादम बाई ओरडली. मी उलट बोलले नाही, तर तीच घाबरली – "बरं नाही का गं तुला?"

सुटल्यावर काठीला गाठलं. म्हटलं, चुकलं माझं. तिनं पिशवी खांद्याला लावली. "मावशी, आता काही विचारू नका मला. आणि घरी ये, असंही म्हणू नका." इतक्या हळू आवाजात म्हणाली! शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

डावरीच्या बापाला जाऊन सांगावं का? सांगितलं तर पोरीची जागा जाते. नाही सांगितलं तर रोज त्याच्याच बसमध्ये चढायचं. आज दोन बस सोडल्या, तिसरीनं आले.

एक बरंय – पोरीला यातलं काही माहीत नाही. पाप माझं, माझ्यापाशीच राहील. तिनं तरी ताठ मानेनं जावं.

गुरुवार, १३

पोरीला माहीत होतं. मॅचच्या सकाळीच काठीनं तिला सगळं सांगितलं होतं. आणि विचारलं होतं – "सोडू का?"

"मी नको म्हटलं नाही, आई." रडली नाही, ओरडली नाही. हुबेहूब माझ्यासारखी उभी होती दारात, कमरेवर हात ठेवून. "शनिवारी दुपारी बाराला मोठ्या स्पर्धेसाठी नावं जातात. माझं काढलं तर डावरी जाते. माझं ठेवू का काढू, ते तू सांग. शनिवारच्या आत."