तारीख मी घातली, विठू

प्रिय विठू,

मेलेल्या माणसाला कसलं पत्र लिहितोस, असं म्हणून तू हसला असतास. पण आज मला चौकशीची नोटीस आली. तुझी शालिनी वर्षभर शिक्षण खात्याचे उंबरे झिजवत होती, तेव्हा कुठे ही चौकशी लागली. सोमवारी माझी साक्ष आहे. प्रश्न एकच: तुला मारलं त्या दिवशी तू आमच्या शाळेचा शिक्षक होतास की नव्हतास?

पुराव्यानिशी उत्तर दोघांनाच देता येईल. एक मी. दुसरे आपल्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांचे खनिजाचे ट्रक शाळेपुढून धावतात आणि ज्यांना सगळा गाव पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतो.

आठवतं, आपण रुजू व्हायला आलो तो दिवस? पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, बस बदलून बदलून अंग आंबलं होतं. क्लार्काने दोन कागद पुढे ठेवले. एक नेमणुकीचा, एक राजीनाम्याचा. राजीनाम्यावर सही करायची, तारखेची जागा मोकळी सोडायची. "कायम झालात की परत देतो," म्हणाला. "बारशालाच मर्तिकाची तयारी!" असं म्हणून तू सही केलीस. मीही केली. मग पात्रांवांनी चहा आणि गरम पाव मागवले आणि आपण दोघांनी ते चापून खाल्ले.

पुढे आपण कायम झालो. कागद मात्र परत आला नाही. तू दोनदा मागितलास. मी एकदाही नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं मला वाटायचं.

आणि वर तुझ्याशीच वाद घालायचो! शेजारच्या गावातला तो मास्तर शाळेच्या वेळात काजूच्या बागायतीत असतो, कोण त्याचं काय वाकडं करणार? नोकरी पक्की झाली की मास्तर कामातून गेला, असं मी ठासून म्हणायचो. तू म्हणालास, "पक्को मास्तर आळशी जाता, मान्य. पूण कच्चो मास्तर मुको जाता. आळशाक चौकशी करून काडूंक येता रे. मुक्याक कोण उलोवंक लायतलो?"

मुक्याला बोलतं कोण करणार, या तुझ्या प्रश्नावर मी तेव्हा हसलो होतो. पुढे मुका झालो तो मीच.

चौथीतल्या सरिताला ट्रकने चिरडलं तेव्हा रस्त्यावर तिची पाटी तेवढी धड राहिली होती. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी ट्रक बंद ठेवा, एवढंच तू अर्जात लिहिलंस. सगळ्या पालकांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. मला म्हणालास, "मोहन, तूय कर." मी म्हटलं, "उद्या." दुसऱ्या दिवशी तू पोरांना घेऊन रस्त्यात बसलास आणि ट्रकांची रांग पार खाणीपर्यंत लागली. तो उद्या काही उजाडला नाही.

ते भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली, बसवर दगड पडत होते, कोण कोणाला मारतोय याचा पत्ता नव्हता. तेवढंच निमित्त पात्रांवांना पुरलं. हेडमास्तर रजेवर, चार्ज माझ्याकडे. मधल्या सुट्टीत चौघे फावड्यांचे दांडे घेऊन वर्गात शिरले. ट्रकवरचीच माणसं, मी चौघांना ओळखत होतो. पहिला दांडा तुझ्या जबड्यावर बसला. तो आवाज मी ऑफिसात ऐकला. पोरं किंचाळत बाहेर पळाली. तू मला हाक मारलीस, विठू. दोनदा. दुसरी नीट उमटलीसुद्धा नाही.

आणि मी काय केलं? ऑफिसच्या दाराला आतून खीळ घातली.

ते निघून गेल्यावरच बाहेर आलो. फळ्यावर तू लिहिलेलं गणित होतं आणि त्यावर रक्ताचे ओघळ. तुझा एक डोळा बाहेर आला होता. रस्ते बंद, गाडी येईना. लोकांनी तुला बाकावर घातलं आणि पडलेली झाडं ओलांडत उचलून नेलं.

मी ऑफिसात परतलो, तेवढ्यात पात्रांव आले. कपाट उघडून तुझा राजीनामा माझ्यापुढे ठेवला. "मास्तरा, तारीख घाल. कालची." समोर तपासायच्या वह्या होत्या, त्यांवर लाल शाईचं पेन. त्याच पेनाने मी तारीख घातली. आयुष्यभर पोरांच्या चुका दाखवल्या त्या शाईने! तू तेव्हा जिवंत होतास रे. अजून दोन दिवस जगणार होतास.

खात्याला गेली ती टाइप केलेली नक्कल. त्यात शाई कुठली दिसायला? आता ते सांगतात, राजीनामा दिलेला माणूस शाळेत भांडायला आला आणि आंदोलकांच्या हातचा मार खाऊन मेला. चोराच्या उलट्या बोंबा! आणि मी मूग गिळून बसलो.

तुझ्यावरही राग आहे माझा. मला ओळखत होतास ना तू? मग हाक माझ्याच नावाने का मारलीस?

शालिनी वहिनी परवा शाळेत आल्या होत्या. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भावजी, तुमी थंय आसलात न्हय?" तिथेच तर होतो मी, खिळीआड. त्या गेल्यावर घंटेचा लोखंडी ठोकळा उचलला, पात्रांवाचं टाळकं फोडायला निघालो. फाटकापर्यंत गेलो. तिथे लक्षात आलं, टाळकं फुटायला हवं ते आधी माझंच. भिंतीवर हात आपटून घेतला. अजून सुजलेला आहे.

काल पात्रांवांनी बोलावलं. कपाट उघडून माझा राजीनामा दाखवला, तारखेची जागा मोकळी. "तुजोय कागद आसा, मास्तरा." पण माझ्या कागदाखाली मला तुझा दिसला. जपून ठेवलाय त्यांनी. आपली ढाल समजतात ते त्याला.

सोमवारी मी सांगणार आहे: मूळ कागद मागवा. सही निळी आहे, तारीख लाल आहे आणि अक्षर माझं आहे. खीळ घातली तेही सांगणार, चौघांची नावंही सांगणार. माझी नोकरी जाईल. कदाचित फावड्याचे दांडे माझ्याही दारात येतील. येऊ देत, दार उघडं असेल.

हेच पत्र मी अधिकाऱ्यापुढे ठेवणार आहे, विठू. खाली सही केली आहे. आजची तारीखही घातली आहे, त्याच लाल पेनाने, आणि या वेळी कोणी न सांगता.

तुझी हाक ऐकलेला,
मोहन